पुंगळ्यांची धूळ

व्हर्लिन हॉगस्टाडच्या पायाला भिंगरी होती. लुइसटाउनच्या धान्यकोठारात मोटरी आणि पट्टे दुरुस्त करण्यात त्याची एकेचाळीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्या काढून पुन्हा बसवल्या, त्या कुरकुरत नव्हत्या तरीही. एका जेवणात हा माणूस दोनदा उठायचा. त्याची बायको लव्हॉन म्हणायची, "ह्याला शवपेटीत घातलं, तरी आतून खिळे तपासत बसेल."

त्याला धरून ठेवणारी जागा एकच होती, घराचं तळघर. तिथे तो काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायचा. विकतची काडतुसं वापरणारा माणूस त्याच्या हिशेबी अर्धाच शिकारी. बार उडाला की पितळी पुंगळी आतून-बाहेरून काळी पडते. ती आधी घासायची, मग बुडाशी दारू पेटवणारी नवी टिकली बसवायची, वर दारू, वर गोळी. घासण्यावरच सगळं अवलंबून असतं, असं तो छातीठोकपणे सांगायचा, आणि त्याची रीत होती कोरडी. थरथरणाऱ्या यंत्राच्या वाडग्यात अक्रोडाच्या टरफलांचा चुरा, त्यात दोनशे पुंगळ्या, आणि धूळ धरायला म्हणून कपडे वाळवायच्या यंत्रातून निघालेलं एखादं वापरलेलं सुगंधी फडकं. चार तास यंत्र घरघरायचं. मग सगळं जुन्या चाळणीत ओतायचं आणि बादलीवर झडझडून चाळायचं. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगत राहायची. चाळीस वर्षांत त्या धुळीकडे त्याने कधी वळून पाहिलं नव्हतं.

त्याचा दोस्त मेरिल ओक्स ह्याच पंथातला, पण दोन वर्षांपूर्वी तो बाटला होता. त्याने कोरडी रीत सोडून ओली धरली. गोल फिरणारा पिंप, त्यात पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, चिमूटभर लिंबूसत्व आणि सुईच्या टोकाएवढ्या पोलादी काड्यांची ओंजळ. दर मंगळवारी कॉफीला बसले की व्हर्लिन त्याची पिसं काढायचा.

"काय मेरिल, लेकरांना आंघोळ घालून झाली का? पावडर-काजळ लावलंस?"

"माझ्या पुंगळ्या आतूनसुद्धा चमकतात. तुझ्यासारखं वरवरचं नाही."

"आणि ते कोण बघतं? एल्क हरीण मरायच्या आधी पुंगळीत डोकावून जातं होय?"

मेरिल हसून कपात बघायचा. चमक चांगली येते, ह्यापलीकडे त्याने कधी कारण दिलं नाही.

मे महिन्यात व्हर्लिनची लेक ब्रिटा पंधरा महिन्यांच्या टिलीला घेऊन राहायला आली. जावई कोडी विलिस्टनला तेलविहिरींवर कामाला होता आणि तिथे एका ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या खोलीत, चौघांत झोपत होता. ब्रिटाने स्वतःचा लहानपणीचा लाकडी पाळणा माळ्यावरून काढला, ओसरीत बसून घासला आणि पिवळा रंगवला. टिली मात्र त्यात झोपेना. तिला दुपारी आजोबाची छाती लागायची. व्हर्लिन तळघरातून यायचा, आरामखुर्चीत आडवा व्हायचा, ती त्याच्या शर्टाची बाही चोखत झोपून जायची. एक तास. लव्हॉनने शेजारणीला बोलावून दाखवलं, की बघ, हा हलत नाहीये.

जुलैत टिलीच्या रक्ताची नेहमीची तपासणी झाली. शिसं निघालं. दुसऱ्यांदा दंडातून रक्त काढलं तरी तेच. अकरा. साडेतीनच्या वर गेलं की डॉक्टर काळजी करतात, आणि इतक्या लहान मुलाच्या मेंदूला ते बाधतं, हे आरोग्य-नर्सने फार हळू आवाजात सांगितलं. तिने एक प्रश्नावली दिली. ब्रिटा जेवणाच्या टेबलाशी बसून मोठ्याने वाचत होती. जुना रंग? जुने नळ? घरात कुणी शिकारी, काडतुसं भरणारं?

"बाबा, तुमच्या कामात शिसं असतं?"

"माझ्या गोळ्या बाहेरून तांब्याच्या. शिसं ओतून गोळ्या करायचं मी तू जन्मलीस त्या वर्षी सोडलं. 'नाही' लिही."

तो खोटं बोलत नव्हता. शिसं म्हणजे गोळी, गोळी झाकलेली म्हणजे भानगड मिटली, हे त्याच्यासारख्या प्रत्येकाला पाठ होतं. ब्रिटाने 'नाही' लिहिलं. मग तिची नजर पाळण्याकडे गेली. चाळीस वर्षांपूर्वीचा रंग तिने हाताने घासला होता, आणि टिली शेजारी त्याच भुश्यात खेळत होती. नर्सही म्हणाली, शक्य आहे. रंगाचा तुकडा तपासायला गेला. निकाल यायला तीन आठवडे होते.

"मीच माझ्या हाताने तिला विष चारलं," ब्रिटा म्हणाली, आणि तिने टेबलावर डोकं टेकलं.

पुढच्या मंगळवारी व्हर्लिनने हे मेरिलला सांगितलं. मेरिलने कप खाली ठेवला.

"व्हर्लिन, तू चाळतोस कुठे?"

"तळघरात. का?"

"टिकलीत शिसं असतं. गोळीत नाही, टिकलीत. ती फुटली की त्याची काजळी होऊन पुंगळीत बसते. तू ती चार तास हलवून मोकळी करतोस, मग चाळून हवेत उडवतोस. ती तुझ्या केसांत बसते, शर्टावर बसते. माझ्या रक्तात एकोणतीस निघालं होतं. म्हणून ओलं धरलं. पाण्यात धूळ उडत नाही."

"दोन वर्षं तू मला चमक सांगत बसलास?"

"चमक सांगितली तर तू हसायचास. आजार सांगितला असता तर कीव केली असतीस. मला हसलेलं परवडलं."

व्हर्लिनने त्याला एक सणसणीत शिवी दिली आणि कॉफी तशीच टाकून घरी आला. तळघराचा दिवा लावला. यंत्राच्या वरच, भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी होती, आणि दोरीवर टिलीचे झबले-मोजे वाळत होते. त्याने एक मोजा बोटाने पुसला. बोट करडं झालं.

माणूस घाबरला की हाताला जे काम येतं त्यात शिरतो. व्हर्लिन पद्धत निवडण्यात शिरला. सांगण्याचा विचार त्याने त्या दिवशी केलाच नाही; पुंगळ्यांचा केला. व्हिनेगर आणि मीठ? पितळ लालसर होतं, कमकुवत होतं. ध्वनीच्या कंपनांनी धुणारं भांडं? त्यात पन्नासच मावतात. आणि मेरिलची रीत? तिच्यात काड्या पुंगळीच्या गळ्यात अडकतात, एक राहिली तर बंदुकीचं वाटोळं, आणि पुंगळ्या वाळायला दिवस जातो. हीच नावं ठेवत त्याने दोन वर्षं काढली होती. दुसऱ्या दिवशी तो दोन तास गाडी हाकत बिलिंग्जला गेला आणि पिंप घेऊन आला. मागच्या शेडमध्ये मांडला. जुना चुरा पिशवीत बांधून घातक कचऱ्यात देऊन आला. तळघराची फरशी ओल्या फडक्याने तीनदा पुसली, दोरी सोडली, टिलीचे कपडे पुन्हा धुतले. लव्हॉन दारात उभी राहून बघत होती.

"चाळीस वर्षांनी तुझ्या पुंगळ्यांना पाणी दिसलं?"

"चमक चांगली येते," तो म्हणाला, आणि आपल्या तोंडून मेरिलचं वाक्य निघालं हे त्याला लगेच कळलं.

पुंगळ्या खरंच सोन्यासारख्या निघाल्या. त्याला त्यांच्याकडे बघवेना. धूळ बंद झाली, आता टिलीचा आकडा आपोआप उतरेल, कुणाला काही कळणार नाही, हे तो स्वतःला शेडमध्ये शंभरदा समजावत होता. चोराच्या मनात चांदणं. टिली दुपारी हात वर करून यायची, तर हा "काम आहे" म्हणून बाहेर सटकायचा. जेवणातून आता चार-चारदा उठायला लागला. भिंतीपलीकडून ब्रिटाचं फोनवरचं बोलणं ऐकू यायचं. कोडी ओरडत नव्हता, पण एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता बहुतेक, कारण ब्रिटा पुन्हा पुन्हा म्हणत होती, "हो रे, घासायच्या आधी विचारायला हवं होतं. हो. माझीच चूक."

रविवारी सकाळी तिने सामान गाडीत भरायला घेतलं. विलिस्टनला जाणार होती, त्या ट्रेलरमध्ये. "मी ह्या घरात आणखी कशाला हात लावला तर पोर मारून टाकीन," ती आईला म्हणाली. मग पाळणा अंगणात ओढत आणला आणि करवतीने त्याचे गज कापायला लागली. तो पिवळा रंग तिने फार हौसेने निवडला होता. शेडच्या दारातून व्हर्लिनने तीन गज कापलेले पाहिले. चौथ्याला तो बाहेर आला. हातांत अजून रबरी मोजे होते.

"ब्रिटा, करवत ठेव. पाळण्याचं नाही ते."

"निकाल आला?"

"नाही. शिसं माझ्या पुंगळ्यांच्या धुळीत होतं. तळघरात उडायची. माझ्या शर्टावरून गेलं तिच्यात. आणि त्या दोरीवरच्या कपड्यांवरून."

ती उभी राहिली. "'नाही' लिही म्हणालात तुम्ही."

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं."

"मग कधी ठाऊक झालं?"

काल म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते त्याच्या जिभेवर आलंही. "मंगळवारी," तो म्हणाला. "ह्या नाही. आधीच्या."

ब्रिटाने दिवस मोजले. "बारा दिवस. बारा दिवस मी हिच्या तोंडाकडे बघून रडतेय. नवऱ्याची बोलणी खातेय. आणि तुम्ही तिकडे पितळ घासत होतात."

"हो."

"का, बाबा?"

"ती माझ्याकडे यायची बंद होईल म्हणून," व्हर्लिन म्हणाला. "आणि लाज वाटली."

टिली गवतातून डुलत आली आणि त्याच्या विजारीला धरून उभी राहिली. तो वाकला नाही. ब्रिटाने पुढे होऊन तिला उचललं, विजारीची पकडलेली घडी एकेक बोट सोडवत मोकळी केली, आणि दुसऱ्या हाताने खिशातला फोन काढून, नंबर लावून त्याच्यापुढे धरला.

"नर्सला उद्या. आधी कोडीला. इथेच, माझ्यासमोर."

त्याने मोजे काढून गवतावर टाकले आणि फोन घेतला. तिकडून लगेच आवाज आला. "ब्रिटा? आता काय झालं?"

"मी व्हर्लिन बोलतोय," तो म्हणाला. "ब्रिटाने काही केलेलं नाही. मी केलंय. तू ऐकून घे, मग मला काय बोलायचं ते बोल."