पोपट छाप

राज्याच्या पुराभिलेखागारात काचेखाली पोपट छाप विडीचं जुनं लेबल ठेवलंय. पोपटाची चोच अजून लालभडक आहे. दुसऱ्या कुणी हा पोपट छापू नये म्हणून विडी कारखान्याच्या मालकाने सरकारला लिहिलेलं पत्रही शेजारीच जपलंय. म्हणजे पोपटाला कायद्याचं संरक्षण होतं. विड्या वळणाऱ्या बायांना कशाचंच नव्हतं.

मी शेवंतामावशींना घेऊन गेले होते. त्यांची आई याच कारखान्यात विड्या वळायची. मावशी तान्ह्या असतानाच ती गेली आणि घरात तिचा एकही फोटो नाही. कारखान्याचा फोटो इथे आहे असं कळलं, म्हणून आलो.

फोटोत खुर्चीवर मालक, पायाशी कुत्रा. खाली मालकाचं नाव आहे, कुत्र्याचंही आहे. मागे बाया ओळीने बसल्यात, आणि एकीनेही वर पाहिलेलं नाही. मजुरी हजार विड्यांवर मिळायची. फोटोपुरते हात थांबवा, असं त्यांना कोण सांगणार? हे मी आमच्या विडी कामगार संघटनेच्या पुढच्या पत्रकात मोठ्या टायपात छापीन. पण त्याने यातली एक तरी मान वर होणार आहे का?

पदर घसरलेले, दिसत होते ते नुसते भांग.

मावशी काचेवर बोट फिरवत राहिल्या आणि एका भांगापाशी थांबल्या. "ही."

"ओळखलंत, मावशी?"

"ओळखू कशी गं? मी काय पाहिलीय तिला?" बोट त्यांनी उचललं नाही. "पण एकीला तरी आई म्हणू दे की."