साटीनची चाकं

गाडी पोर्चमध्ये येऊन थांबली की डोमाजी आधी तिच्या चारही चाकांचा ताप बघायचे. चेष्टा नाही, खरंच. आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते तसा उजवा हात उलटा करून चाकाला टेकवायचे, क्षणभर थांबायचे, मग दुसऱ्या चाकाकडे जायचे. चारही चाकं झाली की पायरीवर येऊन बसायचे आणि म्हणायचे, "आहे अजून अंगात." मग चाक निवेपर्यंत त्यांना तिथून कोणी उठवू शकत नसे, खुद्द मालकसुद्धा नाही.

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका खाणवाल्यांच्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते. माझ्या खोलीची खिडकी नेमकी पोर्चवर उघडायची. कानाला हेडफोन आणि डोळ्यांसमोर डोमाजी, अशी माझी सहा वर्षं गेली. कंपनीच्या गाड्या धुणं हे त्यांचं काम. बाकीच्या गाड्या ते धुवायचे, मालकांची परदेशी गाडी मात्र सांभाळायचे. दोन्हींत फरक आहे.

त्या गाडीची चाकं इतर गाड्यांसारखी चकाकत नसत. रुपेरी खरी, पण मंद. गाडी नवी आली तेव्हा मालकांच्या मुलाने सोबतचं पुस्तक उघडून सांगितलं की हे सॅटिन फिनिश आहे, याला पॉलिश लावायचं नाही. ड्रायव्हर रामअवतारला त्यातलं काही कळलं नाही. डोमाजींना त्या एका शब्दात सगळं कळलं, कारण ते जातीचे कोष्टी. घरचा हातमाग बंद पडला म्हणून ते बादली-फडक्याच्या कामाला आले होते. सॅटिन म्हणजे साटीन, आणि साटीन कसं धुवायचं हे कोष्ट्याला कोणी शिकवायचं?

रिठे रात्री भिजत घालून ते सकाळी त्यांचं पाणी गाळून घेत. नागपूरच्या विहिरीचं पाणी जड, वाळलं की पांढरे डाग सोडतं, म्हणून शेवटचा हात माठातल्या उकळून निवलेल्या पाण्याचा. जुन्या धोतराचं फडकं चाकावर नुसतं टेकवायचं, ब्रेकची काळी पूड ओली होऊ द्यायची आणि टिपून घ्यायची. घासणं हा त्यांच्या लेखी गुन्हाच होता. एकदा रामअवतार पितळेचं पॉलिश घेऊन आला, तर त्याच्या हातातून डबी काढून घेत म्हणाले, "घासलं तर डाग जाईल गा, पण तिथं चमक येईल. साटीनवर चमक बी डागच."

पोर्चपुढच्या आंब्याचा चीक पडू नये म्हणून त्यांनी चाकांना जुन्या धोतराच्या कुंच्या शिवल्या होत्या, नाडीसकट. सगळी कचेरी हसायची. ते मात्र गाडी उभी राहिली की चार बाळांना बांधाव्यात तशा त्या कुंच्या बांधत. दुपारी तीनला कोपऱ्यावरच्या टपरीवरून स्वतःसाठी चहा आणत आणि खिडकीतून एक ग्लास माझ्यापुढे ठेवत. मी धरमपेठेतल्या सोवळ्या घरातून आलेली, बाहेरच्या चहाला हात न लावणारी मुलगी. त्यांच्या चहाची मला सवय लागली. चहा पिता पिता मी एकदा विचारलं की एवढी घाई कशाची, डाग उद्या काढला तर काय बिघडेल. ते म्हणाले, "बाई, डाग ओला आहे तवर पाव्हणा. वाळला का घरमालक होते." हे वाक्य मी नंतर इतक्या वेळा आठवलं की आता त्याचा राग येतो.

होळी होऊन गेली होती. मालक खाणीवरून आले, गाडी थांबली आणि रामअवतारने उतरताना सहज पुढच्या चाकाला हात लावला. चटका बसून त्याने तो झटकला, हे मी खिडकीतून पाहिलं. तेवढ्यात डोमाजी आले. नेहमीसारखा उलटा हात त्याच चाकावर टेकवला, टेकवूनच ठेवला, आणि म्हणाले, "थंड आहे." मग त्यांनी रिठ्याचं पाणी ओतलं. चर्र आवाज झाला आणि वाफ उठली.

चारही चाकांवर पांढरे ओघळ वाळून बसले. पुढचे आठ दिवस डोमाजी त्यांच्यावर लिंबाचे थेंब टाकलेल्या पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवत, काढत, पुन्हा ठेवत. तीन चाकं सुधारली, चौथं नाही. पण मी चाकांकडे बघतच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातावर रुपयाएवढा फोड होता आणि ते त्याच हाताने बादली उचलत होते, काहीच झालं नसल्यासारखे. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांनी लांब बाह्यांचा सदरा का घातला होता, हेही मला तेव्हाच कळलं. बाही वर सरकली तेव्हा मनगटाजवळ फिकट, सुका चट्टा दिसला. असल्या चट्ट्याला टोचलं तरी कळत नाही, हे मी दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेलं वाचलं होतं.

तीन वाजता त्यांनी खिडकीत चहा ठेवला. मी म्हटलं, मी चहा सोडला. ते ग्लासाकडे बघत राहिले. एवढ्या एका वाक्यात त्यांना सगळं समजलं, एका शब्दावरून साटीन ओळखणारेच ते.

"समजलं ना बाई तुमाले?" ते हळू म्हणाले.

मी म्हटलं, "डॉक्टरला दाखवा, डोमाजी. आजच दाखवा."

"अक्तीले माह्या पोरीचं, कुसुमचं लगन आहे. त्याइले हे समजलं तर सोयरीक मोडते. अक्ती होऊ द्या, मी सोताहून जातो. तवर कोणाले सांगू नका. एवढंच मागून राहिलो."

मी हो म्हटलं. दया आली म्हणून म्हटलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं कारण तेवढं गोड नव्हतं. मला त्यात पडायचं नव्हतं. डॉक्टरकडे घेऊन जायचं म्हणजे त्यांच्या शेजारी सायकलरिक्षात बसायचं, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. गप्प राहिलं की काहीच करावं लागत नाही, वर भलेपणा पदरात पडतो.

अक्षय्य तृतीया आली, कुसुमचं लग्न झालं. मी आठवण केली तेव्हा म्हणाले, पोरगी पहिल्या दिवाळीला माहेरी येऊन जाऊ द्या. दिवाळी झाली तेव्हा कुसुमला दिवस गेले होते, म्हणून बाळंतपणापर्यंत. प्रत्येक वेळी मी मान डोलावली. फोड भरला, दुसरा आला. करंगळी आत वळली, मग तिच्या शेजारचं बोट. ते डाव्या हाताने कुंच्यांच्या नाड्या बांधायला शिकले आणि चाकाचा ताप गालाने बघू लागले. गाडीच्या चाकाला गाल लावून बसलेला तो माणूस बघून कचेरी पुन्हा हसली. मी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या उन्हाळ्यात मॅनेजरने तो हात पाहिला. तासाभरात डोमाजी फाटकाबाहेर होते. त्यांचा माठ फोडला, बादली फेकून दिली, फडकी आणि चारही कुंच्या गॅरेजमागे नेऊन रॉकेल ओतून जाळल्या. ते फाटकाच्या गजांमधून बघत उभे होते. माझ्या खिडकीकडे त्यांनी पाहिलं नाही, याचे मी तेव्हा आभार मानले.

महिन्याने कुसुम आली, कडेवर तान्हं मूल. सासरी कळलं होतं. थोडी बोलाचाली झाली, पण तिला कोणी घराबाहेर काढलं नव्हतं. बापाला तिनेच दवाखान्यात नेलं होतं. गोळ्यांनी रोग हटेल, वळलेली बोटं आता सरळ होणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिने मला विचारलं की मला केव्हापासून माहीत होतं. मी खरं ते सांगितलं. तिचा आवाज चढला नाही.

"लगन काय बाई, पुढच्या अक्तीले झालं असतं," ती म्हणाली. "माह्या बापाचा हात कोणत्या अक्तीले येईन?"

मला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर मी त्या नोकरीत राहिले नाही.

डोमाजी आता नाहीत. शहराबाहेरच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत त्यांची शेवटची वर्षं गेली. बरं झाल्यावरही त्यांना कोणी काम दिलं नाही, आणि पोरीच्या दारात जायला ते तयार नव्हते. मी तिथे एकदाच गेले, तेही फार उशिरा. उजव्या हाताला बोटं म्हणावीत अशी उरली नव्हती. मला बघून त्यांनी पहिला प्रश्न चाकांचा केला. रामअवतारने पॉलिश लावून चारही चकाचक केली, हे मी सांगितलं.

मी माफी मागायला गेले होते. तोंड उघडलं तर त्यांनी मान हलवून थांबवलं. "तुमी काहून रडून राहिल्या? तोंड मीच बंद ठेवाले लावलं होतं," म्हणाले. मी म्हटलं, मी ऐकायला नको होतं. यावर त्यांनी नाही म्हटलं नाही.

कोणीतरी पायरीवर दोन ग्लास चहा आणून ठेवला. डोमाजींनी दोन्ही तळहातांमध्ये आपला ग्लास धरला, ओठापर्यंत नेला आणि थांबले.

"बाई, हे गरम आहे का थंड, मले समजत नाही. कालच ओठ भाजला. पाहा जराक."

मी हात उलटा केला आणि त्यांच्या हातातल्या ग्लासाला टेकवला. चांगलाच चटका बसला.

"आहे अजून अंगात," मी म्हटलं.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. आम्ही दोघं चहा निवायची वाट बघत पायरीवर बसून राहिलो. मग त्यांनी त्यांचा चहा प्यायला आणि मी माझा.