मस्कतहून मातीला

मी पहिल्यांदा मस्कतला नर्स म्हणून निघाले, तेव्हा आई हैदराबादच्या विमानतळापर्यंत सोडायला आली होती. उमरग्याहून भाड्याची जीप केली होती. गेटावर तिनं एकच विचारलं, "इमानाला किती येळ लागतोय गं?" तिकिटावर होतं ते मी सांगितलं, "तीन तास." तिचा चेहरा सैल पडला. "मग लई लांब न्हाय की!"

तेव्हापासून आईच्या हिशेबात मी जवळची लेक आणि पुण्याची थोरली लांबची. थोरली रात्रभर बसमध्ये अवघडून येते. आई गल्लीतल्या बायकांना सांगायची, "धाकटी काय, सकाळी निघाली की दुपारी जेवायला हितं." मी खोडून काढलं नाही. दोन विमानतळांमधलं अंतर तेवढंच होतं. त्याच्या अलीकडं ड्युटीला बदली नर्स मिळणं, रजा मंजूर होणं, विमानात जागा असणं, आणि पलीकडं महामार्गावरचे ट्रक. हे तिला सांगून काय उपयोग? बाहेर राहणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे ठाऊक आहे.

यंदा उन्हाळ्यात आईच्या छातीत दुखलं. दवाखान्यातून घरी आल्या आल्या तिनं सगळ्यांना बजावलं, धाकटीनं तोंडात पाणी घातल्याबिगर मला उचलायचं न्हाय. लगेच धाकट्या भावाचा फोन.

"आक्का, खरं सांग. दारातनं दारात किती?"

"रजा लगेच मिळाली तर एक दिवस. नाहीतर दोन."

"ह्या उन्हात दोन दिस? बर्फाची पेटी सोलापूरहून आणावी लागंल."

"मग थांबू नका. माती करून टाका."

"बरं. राख सावडायला तरी ये."

आम्ही दोघंही रडणाऱ्यांतले नाही. आई मात्र त्याच्या मागंच भाकरी खात बसली होती. तिनं फोन ओढून घेतला. "तीन तास म्हनली होतीस की! मधीच दोन दिस कुठनं आलं?"

मी रजेपासून रस्त्यापर्यंत सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे थोरलीच जवळ. पाणी पाजायचं तिलाच सांगते."

निर्णय योग्य होता. पेशंटच्या नातेवाइकांना मीही हाच सल्ला दिला असता. तरी फोन ठेवल्यावर मी औषधांच्या ट्रॉलीपाशी कशासाठी आले होते, तेच आठवेना.

मोठी रजा वर्षात एकदाच मिळते. ती आता घ्यावी, की आईच्या मातीसाठी राखून ठेवावी, हे दुखणं सुरू झाल्यापासून मला ठरवता येत नव्हतं. दरवेळी अर्ज भरायचा आणि फाडायचा. आता राखून ठेवायचं कारणच उरलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. आईला कळवलं, तर म्हणाली, "ये. पर मी चांगली हाय, मग कशाला येतीयास?"

 इतकी वर्षं घर म्हणजे जिथं माझ्यासाठी लोक थांबतील ती जागा, असं मी धरून चालले होते. आता तिथं कुणी थांबणार नाही, हे मीच सांगून ठरवलंय. आणि निघायची एवढी घाई मला यापूर्वी कधी झालेली नाही.