हात लावा की!

“हात लावा की! बघताय काय नुसतं?” हे आमच्या पेंटरचं पालुपद. तालुक्यातल्या ‘हात लावू नये’ अशा निम्म्या पाट्या त्यानेच रंगवलेल्या, आणि रंगवताना तो त्यांना शिव्या घालायचा.

नव्वदच्या दशकात इंदापुरात माझा कॉम्प्युटर क्लास होता. एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि एक कूलर, तोही कॉम्प्युटरसाठी. पेंटर क्लासची पाटी रंगवायला आला आणि कीबोर्डचे स्क्रू काढून बसला. मी ओरडलो, तर म्हणाला, “सर, ह्यो लांबडा खटका मला द्या. बाकीचे तुमाला ऱ्हाऊ द्या.” त्याचं बोट स्पेसबारवर होतं.

त्याला कळसला, त्याच्या गावात, जयंतीच्या मांडवात तळं करायचं होतं. एके काळी त्याच्या माणसांना ज्याला शिवायची बंदी होती, तसलं. टबात खरं पाणी, मागे कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याने आलेखवहीत चौकोन भरून काढलेलं तळं. पाण्यात बोट बुडवलं की पडद्यावर तरंग उठणार. तरंगांचा प्रोग्राम माझा, बाकी डोकं त्याचं.

चाचणीत तरंग उठेनात. मी दोन दिवस प्रोग्राम उसवत बसलो. पेंटर विडी ओढत बघत होता. शेवटी म्हणाला, “सर, चप्पल काढा.” सेलची एक वायर पायाखालच्या पत्र्याला होती, दुसरी पाण्याला. माणूस अनवाणी असला तरच त्याच्या अंगातून जोडणी पुरी होऊन तो लांबडा खटका दाबल्यासारखा व्हायचा. एवढं दोन दिवस आधी सांगायला त्याच्या जिभेला काय झालं होतं?

“लोक काढतील चपला?” मी विचारलं.

“मांडवात समदी काढत्यात. तात्यांचं तेवढं बगायचंय. तात्यांनी हात घातला, तरच माजं तळं खरं.”

तात्या म्हणजे गावचे कारभारी. त्यांच्या दारावरून पेंटरचा बाप पायताण हातात घेऊन जायचा.

जयंतीला तात्या आले, बुटांसकट पत्र्यावर चढले आणि पाण्यात हात घातला. तळं ढिम्म.

“बिघडलंय व्हय रं?”

“न्हाय तात्या. बूट काढावं लागत्यात.”

माझी पाचावर धारण बसली. कॉम्प्युटर माझा होता! तात्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग वाकून नाड्या सोडल्या.

तरंग उठले. आता तात्याच हटेनात. पाच वेळा हात बुडवला, मागे रांग खोळंबली. पेंटर मांडवामागे तोंड फिरवून उभा होता. मला बघून डोळे पुसत म्हणाला, “थिनर गेलं डोळ्यात.”

त्याला जाऊन तीन वर्षं झाली. मध्यंतरी नातीबरोबर पुण्यात एका संग्रहालयात गेलो. तिथे मोठा पडदा आणि ‘स्पर्श करा’ अशी पाटी. मला पेंटरची फार आठवण आली. मी चपला काढायला लागलो.

“आजोबा, काढायची गरज नाही हो!”

“असू दे,” म्हटलं, आणि अनवाणीच पुढे झालो.