रामकिसननं लावलेला तानपुरा

आमच्या कॉलेजच्या संगीत विभागात प्राध्यापक तीन, पण खरा कान एकालाच, असं हैदर सर स्वतः म्हणायचे. आणि तो एक म्हणजे प्राध्यापक नव्हे, शिपाई. रामकिसन. सोयगावकडचा, उंच, वाकून चालणारा. सकाळी सातला खोली उघडायचा, झाडून घ्यायचा आणि मग तानपुरे लावत बसायचा. हे काम त्याला कुणी दिलं नव्हतं. पंधरा वर्षं ऐकून ऐकून शिकला होता. गळा म्हणाल तर साधी आरती धड म्हणता येत नव्हती. पण भोपळ्याला कान लावून, डोळे मिटून खुंटी अशी केसभर फिरवायचा की नऊला आम्ही आलो की नुसतं बसायचं आणि सुरू करायचं. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. वर्गात फळा असतो, तसा लावलेला तानपुरा असतो, एवढीच आमची समज.

मी व्हायोलिन वाजवायची. बरी वाजवायची, आणि मला तर वाटायचं लईच भारी वाजवते.

एकोणीसशे एकोणऐंशी साल. हैदर सरांनी हैदराबादेत उमेदवारी केलेली, देशी-विलायती दोन्ही संगीत शिकलेले, डोक्यात सतत काहीतरी नवीन. त्या वर्षी त्यांनी आम्हा पाच विद्यार्थ्यांसाठी एक रचना बांधली. व्हायोलिन, क्लॅरिनेट, सतार, जलतरंग आणि जहांआराच्या हातात मोठा तानपुरा. ना राग, ना गाणं, ना ठेका. आणि गंमत अशी की तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारांपैकी एक मुद्दाम किंचित उतरवायची. मग त्या दोन तारा एकमेकींना घासतात, त्यातून एक लहर उठते, आणि त्या लहरीवरून आम्ही आमचे सूर घ्यायचे. पहिल्या आठवड्यात आम्हाला वाटलं, सरांचं डोकं फिरलं. तिसऱ्या आठवड्यात घरी चपात्या लाटतानाही ती लहर माझ्या कानात असायची. आयुष्यात त्याहून चांगलं मी कधी वाजवलं नाही.

तालीम संध्याकाळी, रामकिसन घरी गेल्यावर. त्यामुळे व्हायचं काय, की संध्याकाळी जहांआरा तार उतरवायची आणि सकाळी रामकिसन ती इमानेइतबारे चढवून ठेवायचा. ‘फिर लगा दी चाचा ने!’ असं म्हणून ती हसायची आणि पुन्हा उतरवायची. कार्यक्रमाला चार दिवस राहिले तेव्हा सर मला म्हणाले, ‘द्वारका, रामकिसनला नीट समजावून सांग बेटा. तार अशीच हवी आहे म्हणावं. आणि त्याला वाईट वाटेल असं बोलू नकोस.’

‘हो सर,’ म्हटलं.

मी सांगितलं नाही. विसरले असं म्हणायची सोय आहे, पण विसरलेही नव्हते. दोन वेळा तो समोरून गेला. मला वाटलं, आता ह्याला काय काय समजावत बसायचं! का उतरवायची विचारेल, अर्धा तास खाईल. शिपायाला कशाला एवढं? हाच शब्द आला होता मनात, लपवून काय करू.

कार्यक्रम औरंगपुऱ्यातल्या एका सभागृहात होता. रामकिसननं तानपुरा रिक्षात मांडीवर घेऊन आणला. जहांआरानं पडद्यामागं तार उतरवून ठेवली आणि ती पाणी प्यायला गेली. परत येऊन बसली तोच पडदा वर. तिनं तारा छेडल्या. लहर नव्हती. तानपुरा अगदी चोख लागलेला होता, आणि त्या चोख तानपुऱ्यावर आम्ही चौघं बेसूर! थांबायला हवं होतं, तार उतरवायला हवी होती, पण पुढच्या रांगेत पाहुणे, कुणाची हिंमत होईना. मागून पोरं हसायला लागली. एक जण ‘आधी सूर लावा!’ म्हणून ओरडला. सर पहिल्या रांगेतून उठून बाहेर गेले.

कसंबसं संपवून आत आलो तर रामकिसन खुशीत उभा. ‘ताई, एक तार उतरली व्हती बगा! येळेवर कानावर आली, घाईघाईनं बसवली. नायतर फजिती व्हती आज.’

सर दारातच होते. त्यांचा चेहरा पांढराफटक. माझ्याकडं वळून म्हणाले, ‘तू सांगितलं नव्हतंस ह्याला?’

‘सांगितलं होतं सर,’ मी म्हटलं. तोंड वर करून म्हटलं. ‘दोनदा सांगितलं होतं.’

दोनदा! एकदा म्हणून भागलं नाही माझं.

रामकिसननं माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाला, ‘सांगितलं असंल सर. ताई म्हनतात म्हंजी सांगितलंच असंल. माझ्याच ध्यानात नाय राह्यलं.’

दुसऱ्या दिवशी त्यानं खोलीच्या चाव्या ऑफिसात नेऊन दिल्या आणि सायकल स्टँडवर काम मागून घेतलं. सर स्वतः समजावायला गेले, पण ऐकला नाही. मी रोज त्याच्या हातून बिल्ला घ्यायची. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता परीक्षा झाली आणि कॉलेज सुटलं.

इतकी वर्षं मी स्वतःची एक समजूत घालून ठेवली होती. केवढा मोठ्या मनाचा माणूस! मला वाचवायला सगळं अंगावर घेतलं! चारचौघांत सांगायचीसुद्धा मी, माझा भाग गाळून. पुंडलिकनगरात घर घेतल्यावर एकदा तो पिठाच्या चक्कीवर दिसला, मुलाकडं राहायला आला होता. मी डबा तसाच घेऊन मागं फिरले. पुढं पीठ लांबच्या चक्कीवरून आणायला लागले.

गेल्या महिन्यात जहांआराचा फोन आला. रामकिसनचाचा गेले. मी त्याच्या मुलाच्या घरी भेटायला गेले. त्याची बायको सरूबाई भिंतीला टेकून बसली होती. मी कॉलेजातली, एवढंच सांगितलं.

‘कॉलेजातच त्यांना ती इसरायची बिमारी लागली,’ ती म्हणाली. ‘तरणेताठे व्हते तवा. कुन्या ताईनं दोन डाव सांगितलं व्हतं म्हनं, तरी डोस्क्यात राह्यलं नाय. तवापासून लई भ्याले. कुलूप तीन-तीनदा वढून बगायचे. गावात भजनाला पेटी-एकतारी लावायला बोलवायचे, तर जायचे नाय. म्हनायचे, माझा मलाच भरवसा नाय आता. आमाला तर कदी काय इसरलेले दिसले नाय. पर ते म्हनायचे, तुला नाय कळायचं, शिकलेली पोरगी खोटं कशाला बोलंल?’

म्हणजे त्यानं मला वाचवलं नव्हतं. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता.

‘सरूबाई, ती पोरगी मी. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. ते काही विसरले नव्हते. मी खोटं बोलले.’

ती शिव्या देईल, रडेल, घराबाहेर काढेल, असं वाटलं. काढलं असतं तर बरं झालं असतं.

‘मला कशाला सांगता ताई आता?’ ती म्हणाली. ‘हितंच वट्ट्यावर बसलेले असायचे रोज. येऊन त्यांना सांगायचं व्हतं.’