शंभर टक्के हजेरी

ज्या मुलीबद्दल मी हे लिहिते आहे, तिचा चेहरा मी असा किती पाहिला असेल? नाव नोंदवायला आली तेव्हा अर्धा तास, आणि मग आठवडाभर मोबाईलच्या पडद्यावर, पोस्टाच्या तिकिटाएवढा. पुढचे आठ महिने ती माझ्यासाठी रंगीत चकतीतलं एक अक्षर होती. त्या अक्षरापुढे रोज हजेरीची हिरवी खूण पडायची आणि ती पाहून मी खूश व्हायचे. आता मला त्या खुणेचा राग येतो, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

कर्जतच्या शाळेत गणित आणि मराठी शिकवून मी निवृत्त झाले, तेव्हा एका संस्थेने विचारलं, शाळा सुटलेल्या मुलांना मोबाईलवरून दहावीचं शिकवाल का? मुलांनी बाहेरून फॉर्म भरायचा, घरी बसून तास ऐकायचे, स्वाध्यायाचे फोटो पाठवायचे आणि मार्चमध्ये परीक्षेला बसायचं. मी लगेच हो म्हटलं. घरात नुसतं बसून राहणं माझ्या स्वभावात नाही, आणि कुणावर तरी डोळे वटारल्याशिवाय मला जेवण पचत नाही, असं माझे यजमान म्हणतात. मी पहिल्याच दिवशी नियम घालून दिले. अकरा म्हणजे अकरा. सलग तीन दिवस गैरहजर राहिलं तर नाव यादीतून बाहेर, मग रडत यायचं नाही. पहिला आठवडा झाला की कॅमेरा मात्र बंद ठेवला तरी चालेल, कारण डोंगरातल्या पोरांना नेट पुरत नाही. ही शेवटची सवलत देताना मला आपण फार समजूतदार आहोत असं वाटलं होतं.

ती मुलगी आपल्या आईबरोबर जूनमध्ये आली. ठाकुरवाडीच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी; तासभर उतरावं तेव्हा रूळ दिसतात. मुलगी सोळा वर्षांची, सडसडीत, सारखी हसणारी. आई पस्तिशीची असेल, पण खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, कुणी उठवलंच तर चटकन उठता यावं अशी.

"बाई, हिचं नाव घ्या," आई म्हणाली. "माझ्या दुखण्यापायी नववीला शाळा सुटली हिची. हुशार हाय."

"किती हुशार ते कळेलच," मी म्हटलं. "तुम्ही किती शिकलात?"

"सातवी. मंग लगीन झालं."

तिने प्लास्टिकच्या पिशवीतून मोबाईल काढला आणि टेबलावर जपून ठेवला. घरात तेवढा एकच होता. त्याचाच नंबर मी मुलीच्या नावापुढे लिहून घेतला. मोबाईल कुणाच्या हातात असतो, हे विचारायचं मला सुचलं नाही.

वाडीत रेंज नव्हती. वाडीखाली एक कातळ आहे, तिथे यायची. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना कॅमेरे लावायला सांगितले होते, तेव्हा दोघी त्या कातळावर छत्री धरून बसलेल्या दिसायच्या, हेडफोनची एक वायर मुलीच्या कानात आणि दुसरी आईच्या.

"शेजारी कोण आहे गं?" मी पहिल्या दिवशी दरडावलं.

"आई हाय बाई. तिला पन ऐकायचंय."

"ऐकू दे. उत्तरं तिने सांगायची नाहीत."

सगळी पोरं हसली. आईने तोंडाला पदर लावला.

मुलीची उत्तरं झटपट यायची आणि हमखास चुकायची. वजाबाकीत हातचा विसरायची, आणि चूक दाखवली की लिहायची, "अय्यो बाई, परत." वहीचे फोटो तिरके असत, कोपऱ्यात पायाचा अंगठा दिसे. मी रागावायचे आणि मनातून वाट बघायचे. पहिल्या चाचणीत तिला चाळीस गुण मिळाले, दुसऱ्या चाचणीत सत्तेचाळीस. मुलगी काठावर का होईना, पण निघेल अशी माझी खात्री झाली होती.

दिवाळीची सुट्टी संपली आणि तास पुन्हा सुरू झाले. ती हजर होती. पण उत्तरं झटपट येईनाशी झाली. मी प्रश्न विचारला की बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम पूर्ण, बरोबर उत्तर. वहीचे फोटो सरळ येऊ लागले. पानाला पट्टीने आखलेला समास, वर नाव आणि तारीख, खाली दोन रेघा. अक्षर गोल, सुटं सुटं, एकेक काना वेळ घेऊन काढलेला. माझ्या मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. मी विचारलंसुद्धा, "अक्षर कसं सुधारलं गं?" चकतीतल्या अक्षराने लिहिलं, "सराव केला बाई." मास्तर माणसाला सराव या शब्दापुढे काही सुचत नाही. मी बाकीच्या पोरांना तिचं पान दाखवलं.

डिसेंबरात पत्रलेखन घेतलं. विषय होता, मैत्रिणीला सहलीचं वर्णन कळवणारं पत्र. तिचं पत्र आलं ते असं: तू पोहोचल्याचं कळलं नाही. थंडी पडली आहे. तुझी शाल इथेच दांडीवर राहिली. काम जड असेल तर सांग, मी येऊन घेऊन जाईन, कोणी रागावणार नाही. पत्ता तेवढा कळव.

मी दहापैकी सात गुण दिले आणि लाल अक्षरात शेरा मारला: भाषा चांगली, परंतु विषय सोडून लिहू नये. सहलीचा उल्लेख नाही.

हा शेरा माझ्या हातचा आहे. तो कागद अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे आणि मी तो काढून टाकलेला नाही.

संक्रांतीनंतर गणिताच्या तासाला तिने मध्येच विचारलं, "बाई, एखाद्याचा फोन बंद असला तर तो माणूस कुठे आहे ते समजतं का?" मी म्हटलं, हा धड्यातला प्रश्न नाही. तिने "बरं" लिहिलं. त्याच आठवड्यात तोंडी परीक्षा होती. बोलायला सांगितलं तर आवाज घोगरा, दबलेला. घसा बसलाय म्हणाली. पाच प्रश्न विचारले, पाचही बरोबर. कविता म्हणताना एका ओळीवर ती अडली आणि पलीकडे नुसतं वारं ऐकू येत राहिलं.  मी पुढचं नाव घेतलं.

खरं सांगायचं तर मला तेव्हा काही शोधायचंच नव्हतं. संस्थेच्या बैठकीत माझ्या वर्गाचं कौतुक झालं होतं. डोंगरातली मुलगी, दिवाळीपासून शंभर टक्के हजेरी, सत्तेचाळीसवरून अडुसष्ट. मी पाठ थोपटून घेत होते.

जानेवारीच्या अखेरीस चौकीतून हवालदारांचा फोन आला. दुपारची वेळ, मी स्वाध्याय तपासत होते.

"बाई, एक ठाकरीण आल्यात इथं. मुलगी हरवली म्हणतात. कामाला गेली ती परत आली नाही म्हणे. आणि विचारलं तर म्हणतात, दहावीला आहे, तुमच्याकडे शिकते. नक्की काय ते कळेना."

मी नाव विचारलं आणि मोबाईल उघडला. आजची हिरवी खूण होती. कालचीही. परवाचीही.

"ती रोज हजर असते," मी म्हटलं. "आज सकाळी अकरा वाजता होती. हवं तर हजेरी पाठवते."

"पाठवा की."

मी दिवाळीपासूनचा तक्ता पाठवला. एकही दिवस रिकामा नव्हता. हवालदार हसल्यासारखे वाटले. म्हणाले, "मग झालं तर. घरात काही बोलणं झालं असेल, मावशी-आत्याकडं जाऊन बसली असेल पोरगी. शिकतेय ना, बास." फोन ठेवल्यावर मला वाटलं, एका आईची काळजी मिटवली. मी चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी अकराला ती हजर होती. नंतरही रोज होती. कोरी उत्तरपत्रिका एकदाही आली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी प्रवेशपत्रं आली. ती समोरासमोर द्यायची, मुलाची सही घ्यायची. दहा पोरं येऊन गेली. अकरावी आली ती आई. एकटीच. तशीच खुर्चीच्या कडेला बसली.

"ती कुठे आहे?" मी विचारलं. "सही तिची लागेल."

 मी प्रवेशपत्र तिच्यापुढे सरकवलं. तिने त्यावरच्या फोटोवरून बोट फिरवलं, आणि बोट तिथेच ठेवून बोलायला लागली.

"दिवाळी झाली न् दुसऱ्या वाडीतली एक बाई आली. पुन्याच्या पल्याड पॅकिंगचं काम हाय म्हनली. दोन महिनं. ही न् हिची मैतरीन, दोगी गेल्या. जाताना मला म्हनली, आई, तीन दिस चुकलं तर बाई नाव काढतात, तू माझं चालू ठेव. मोबाईल माझ्यापाशी ठेवून गेली."

"म्हणजे दिवाळीपासून..."

"मीच बसत व्हते बाई. पयलं नुसतं ऐकायची न् 'हजर' लिवायची. मंग गनित जमायला लागलं." तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं आणि गेलं. "संक्रांतीला मैतरीन आली. ही नाय आली. मैतरीन म्हनते, हिला दुसऱ्या गाडीत बसवलं, मंग दिसलीच नाय. त्या बाईचा फोन बंद."

"तुम्ही चौकीत गेला होतात."

"गेले ना."

"मग हवालदारांना का नाही सांगितलं, की हजेरी तुम्ही लावता?"

"मी उभीच व्हते तितं, तुमी फोनवर बोलत व्हता तवा. खोटं पकडलं तर तुमी नाव काढाल. ती आली म्हंजी काय सांगू तिला? येवडं एकच सांगून गेली व्हती ती मला."

पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत कळलं. मुलगी हरवून तीन महिने होऊन गेले होते, आणि त्यातला शेवटचा महिना तिला कुणी शोधलं नव्हतं, कारण ती हजर असल्याचा लेखी पुरावा मी पाठवला होता. तो तक्ता कुठल्यातरी फायलीत लागला असणार. शिक्षिकेचा कागद, त्यावर कोण शंका घेणार?

मी चप्पल घातली. यजमानांना म्हटलं, रिक्षा बोलवा. रिक्षात आई माझ्या शेजारी बसली होती. मी तिला रागवावं, अशी माझी फार इच्छा होती, आणि रागवायला तोंड नव्हतं.

हवालदारांनी आईला ओळखलं. मी त्यांच्यापुढे सगळं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. लेखणी थांबवून ते म्हणाले, "बाई, आता हे असं बघा. तुमचा कागद म्हणतो मुलगी हजर. तो कागद खोटा, असं तुम्ही स्वतः लिहून दिल्याशिवाय आमचं पुढं काही होणार नाही. यादीतून नाव कमी केल्याचं पत्रही लागेल."

मी आईकडे पाहिलं. तिला समजलं होतं. ती माझा हात धरेल, नका काढू म्हणेल, असं मला वाटलं. तिने फक्त विचारलं, "कदीपास्नं काढनार?"

"दिवाळीपासून," मी म्हटलं.

"समदे दिवस?"

"सगळे."

ती मान खाली घालून बसली. त्या सगळ्या दिवसांची गणितं तिने सोडवली होती. ऊन वर येईपर्यंत त्या कातळावर बसून, एका कानाला वायर लावून. मी कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. सदर विद्यार्थिनी दिवाळीनंतर एकही दिवस हजर नव्हती.  वाक्य पुरं करायला मला दोनदा थांबावं लागलं.

मग तिची तक्रार लिहून झाली. हवालदारांनी ती वाचून दाखवली: नाव, वय, अंगावरचे कपडे, उजव्या भुवईजवळ व्रण. तिने प्रत्येक गोष्टीला मान हलवली. कागद तिच्याकडे फिरवून ते म्हणाले, "इथं सही करा. अंगठा नको ना?"

"नको. लिवता येतं," ती म्हणाली.

तिने पेन घेतलं. गोल, सुटी सुटी अक्षरं, वेळ घेऊन, रेघ कुठेही न सोडता. हवालदारांनी कागद उचलला, वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. तक्रारदाराच्या जागी तिने मुलीचं नाव लिहिलं होतं. दिवाळीपासून रोज वहीच्या प्रत्येक पानावर लिहीत आली तसंच, अगदी सफाईदार.

"हे मुलीचं झालं," ते हळूच म्हणाले. "तुमचं लिहा."

त्यांनी ते खोडून, खाली जागा करून दिली. तिने पेन कागदाला टेकवलं. मग माझ्याकडे वळून, तोंडी परीक्षेच्या वेळच्या त्याच दबलेल्या आवाजात म्हणाली, "बाई, माझं नाव कसं लिवायचं?"