हिरव्या हत्तीची उत्तरपूजा

बागेतल्या हत्तीला मी नमस्कार केला. मुद्दाम नाही हो. सकाळी फिरायला गेलेलो, चष्मा घरी राहिलेला, समोर सोंड दिसली आणि सवयीने चपला काढून हात जोडले गेले. हा आमच्या कोपरच्या बागेतला नवा हत्ती. तारेच्या सांगाड्यावर झुडपं वाढवून, कापून केलेला, चांगला दोन माणसं उंच. ठाण्यात असंच एक हरीण पाहून आल्यापासून बायकोने बागेच्या समितीमागे लकडा लावून तो उभा करून घेतलेला.

माझ्या मागून शेजारच्या काकू येत होत्या. मला पाहून त्यांनीही हात जोडले. दुसऱ्या दिवशी हत्तीच्या पायाशी जास्वंद. संकष्टीला दूर्वांची जुडी, म्हणजे हिरवळीलाच हिरवळ वाहिलेली. मग माळीदादांनी कात्रीच खाली ठेवली. देवाचे कान कापायचं पाप कोण घेणार, असं त्यांचं म्हणणं. पावसाळ्यात हत्ती जो सुटला! कान मानेत गेले, पाय एकमेकांत मिसळले, आणि एका चिमुरडीने आईला विचारलं, ही म्हैस कधी आणली? नेमकं बायकोने ते ऐकलं. समितीतही हे रान काढूनच टाकू या, अशी कुजबुज सुरू झाली.

"तुम्ही सुरू केलंत, आता तुम्हीच निस्तरा," बायको म्हणाली.

याची प्राणप्रतिष्ठाच झालेली नाही, असं मी काकूंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, देव आला तो आला, निरोप दिल्याशिवाय जाईल कसा? तिथे मला वाट दिसली. उत्तरपूजा करून मूर्ती जागची जराशी हलवली की निरोप झाला, हे त्यांनाही मान्य होतं. रविवारी मी अक्षता वाहिल्या, दहीपोह्यांचा नैवेद्य दाखवला आणि मूर्ती हलवायला गेलो. मूर्ती मुळांसकट जमिनीत. बोटाने हलेना, दोन्ही हातांनी हलेना.

"मनापासून ढकला हो," काकू म्हणाल्या.

शेवटी सोंडेला खांदा लावला. आत काहीतरी करकरलं आणि अख्खा हत्ती हादरला. हलला, हलला, असं म्हणत काकू 'पुढच्या वर्षी लवकर या'च्या बेतात होत्या. मी घाईघाईने त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला.

माळीदादांनी कात्री उचलली. दुपारपर्यंत कान सुटे झाले, पाय वेगळे झाले, म्हशीचा परत हत्ती झाला. बायकोने त्याच्याभोवती सावकाश एक चक्कर मारली आणि सोंडेपाशी थांबली.

"हत्ती वाचला, ते बरं झालं," ती म्हणाली. "पण साधा होता, तो ढकलून उजव्या सोंडेचा करून ठेवलात. आता याचं कडक सोवळं कोण पाळणार?"